दाखवायचं की झाकायचं

येसूअक्का तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात चार, उजव्या कोपऱ्यात तीन आणि मधल्या फटीतून शब्द. नव्या माणसाला त्यातलं काही कळायचं नाही. मला दोन दिवस लागले, कारण टाचण्या बाजूला ठेवल्या तरी त्यांची मराठी वेगळीच होती. "स्वल्प सरळ उभी रा गे," असं त्या म्हणाल्या की समोरची बाई गोंधळून माझ्याकडे बघायची आणि मी सांगायची, "थोडं सरळ उभ्या राहा म्हणतायत." मग अक्का मला ऐकवायच्या, "मी पण मराठीच बोलते बाई. तुझी पुण्याची, माझी बेंगळूरची. तीनशे वर्षांपूर्वी आमचे लोक घोड्यावरून इकडे आले. परत जायला घोडा मिळाला नाही, एवढंच."

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. लग्न होऊन मी पुण्याहून बेंगळूरला आले होते. नवरा सकाळी सातच्या बसने कारखान्यात जायचा. घरात मी आणि चार भिंती. राजाजीनगरात आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर एक फोटो स्टुडिओ होता. तिथे मराठी, हिंदी बोलणारी बाई हवी आहे, असं कळलं आणि मी गेले. मालक मूर्तीसर स्वतःच फोटोग्राफर. त्यांच्याकडे 'ड्रेस फोटो' काढून मिळायचे. सुट्टीत बेंगळूर-म्हैसूर बघायला आलेली माणसं फोनवरून वेळ घ्यायची, यायची, म्हैसूर सिल्क किंवा कुर्गी पद्धतीची साडी नेसायची, देवळातल्या मूर्तींवर असतात तसे नकली दागिने घालायची आणि रंगवलेल्या पडद्यासमोर उभी राहायची. मे महिन्यात आणि दिवाळीत महाराष्ट्रातून पुष्कळ गिऱ्हाईक यायचं. त्यांचे फोन घेणं, वेळा वहीत लिहिणं, तयार फोटो पोस्टाने पाठवणं हे माझं काम. आणि त्यांना नेसवणं, सजवणं हे येसूअक्कांचं.

अक्का तेव्हा पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, रुंद मनगटांच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. ड्रेसिंग रूम म्हणजे दहा बाय आठची खोली, एका भिंतीला आरसा, आणि त्या आरशावर अक्का जुनी चादर टाकून ठेवायच्या. नेसवून पूर्ण झाल्याशिवाय चादर काढायच्या नाहीत. "अर्धवट बघितलं की बायका स्वतःच्या चुका मोजत बसतात," म्हणायच्या. दुसरा नियम असा की खोलीत फक्त जिला नेसवायचंय तीच. आई, सासू, नणंद, नवरा सगळे बाहेर माझ्या टेबलासमोरच्या बाकावर.

एकदा सांगलीकडचं एक निवृत्त शिक्षकांचं जोडपं आलं. लग्नात फोटो काढायचा राहिला होता म्हणून चाळीस वर्षांनी काढायला आले होते. बाई तयार होऊन आल्या तेव्हा गुरुजी नुसते बघत राहिले. मूर्तीसरांनी त्यांना शेजारी उभं केलं तर हात शिवणीला चिकटवून, ताठ. अक्का दारातून ओरडल्या, "अहो मास्तर, रेशनच्या रांगेत नाही उभे तुम्ही! बायको आहे ती. स्वल्प तिकडे सरका." गुरुजी अर्धी वीत सरकले. अक्का पुढे आल्या, त्यांचा हात धरून बाईंच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता काढा सर. हात काढून घ्यायच्या आत काढा." त्या फोटोत दोघंही हसतायत. मूर्तीसरांनी तो शोकेसमध्ये लावला होता.

पण मला ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या अक्का एवढ्याच नव्हत्या.

नेसवायला सुरुवात करण्याआधी त्या प्रत्येक मुलीला एक प्रश्न विचारायच्या. बाहेर ऐकू येणार नाही अशा आवाजात. "दाखवायचं की झाकायचं?" कुणाच्या गालावर देवीचे वण असायचे, कुणाच्या हातावर भाजल्याची खूण, कुणाचा एक खांदा उतरलेला. स्थळांना पाठवायचे फोटो काढायला तेव्हा खूप मुली यायच्या. आईबाप बाहेर सांगून ठेवायचे, जरा नीट झाका. अक्का त्यांच्यासमोर होकारार्थी मान हलवायच्या आणि आत येऊन मुलीलाच विचारायच्या. बहुतेक मुली झाका म्हणायच्या. अक्का झाकायच्या. त्यांच्याकडे एक चपटा पत्र्याचा डबा होता, त्यात तीन-चार रंग एकत्र घोटून केलेलं काहीतरी. त्या डब्यात बुडवलेलं बोट फिरलं की वण दिसेनासा व्हायचा.

त्या असं का विचारतात, ते मला मूर्तीसरांनी सांगितलं. मी यायच्या आधी दोनेक वर्षं, इथलीच एक मुलगी आली होती. गळ्यावर पांढरे डाग. अक्कांनी काही न विचारता, आईने सांगितलं तसं सगळं झाकलं. फोटो सुंदर आला. लग्नाच्या दिवशीही अक्काच सजवायला गेल्या. आठ दिवसांत मुलगी माहेरी परत आली. महिनाभराने ती एकटी स्टुडिओत आली, बाकावर बसली, पाणी प्यायली. अक्कांना वाटलं भांडेल, रडेल. तिने फक्त एवढंच विचारलं, "अक्का, तो डबा कुठं मिळतो? रोज लावला तर तिथं राहू देतील का मला?"

"त्यानंतर चार दिवस त्या कामाला आल्या नाहीत," मूर्तीसर म्हणाले. "आल्या ते हा प्रश्न घेऊन."

त्या वर्षी मेच्या सुरुवातीला मला एक फोन आला. जळगावच्या बाई होत्या. सुट्टीला बहिणीकडे राजाजीनगरातच आल्या होत्या. मुलीचे फोटो काढायचे होते. त्यांनी वेळ विचारायच्या आधी विचारलं, "मेकअप जाड करतात ना तुमच्याकडे?" मी हो म्हटलं. मग थोडं थांबून, "आणि फोटो तुम्ही बाहेर काचेत लावणार नाही ना?" मी नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ लिहिली.

मुलगी शुभदा. तेवीस-चोवीस वर्षांची. जळगावच्या उन्हाची सवय असेल म्हणा, पण बेंगळूरच्याही मे महिन्यात कुणी असा ड्रेस घालत नाही. बंद गळा, मनगटापर्यंत बाह्या. ओठाच्या कडेला एक पांढरट डाग होता, त्यावरून बाकीचं कळत होतं. आई बाकाच्या टोकावर बसली, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

त्या दिवशी निवडलेली साडी भारी काठाची होती, पदर धरायला अक्कांनी मला आत बोलावलं. म्हणून पुढचं मी ऐकलं.

शुभदाने गळ्याची बटणं सोडली, बाह्या वर केल्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कोड होतं, गळ्यावर होतं. ती आमच्याकडे न बघता चादर टाकलेल्या आरशाकडे बघत होती.

"दाखवायचं की झाकायचं?" अक्कांनी विचारलं.

"आई म्हणाली..."

"आई बाहेर बसलीय. तिला नेसवत नाही मी."

मुलीने विचारलं, "झाकलं तर किती वेळ टिकतं?"

"घाम येईपर्यंत."

"मग लग्न झाल्यावर मी घाम येऊच द्यायचा नाही का?" असं म्हणून ती जराशी हसली.

अक्कांनी तोंडातल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. शुभदाच म्हणाली, "नको झाकायला. एकदा तरी आहे तसा काढा. पण आई ओरडेल."

"आईचं मी बघते," अक्का म्हणाल्या.

त्यांनी तिला आंब्याच्या पानासारख्या हिरव्या रंगाची साडी नेसवली आणि बिनबाह्यांच्या जवळपास जाईल असा आखूड बाह्यांचा ब्लाउज दिला. चादर काढली. शुभदाने आरशात पाहिलं, पदर नीट केला आणि सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. मूर्तीसरांनी कॅमेऱ्यावरून डोकं वर काढून आधी तिच्याकडे, मग अक्कांकडे पाहिलं. "काढा सर," अक्का म्हणाल्या. मूर्तीसर धंद्याच्या बाबतीत भित्रे होते, पण फोटोग्राफर होते. त्यांनी दिवा थोडा हलवला आणि बटण दाबलं.

तासभर लागेल असं सांगितलेलं काम अर्ध्या तासात झालं म्हणून आईला शंका आली असावी. त्या दारावरचा पडदा बाजूला करून आत आल्या. ओरडल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं.

"अहो, आम्ही एवढ्या लांब कशाला आलो?" त्या म्हणाल्या. "जळगावात फोटो काढला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून सुट्टीचं निमित्त करून दोन दिवसांचा प्रवास केला. अजून बाग नाही पाहिली, म्हैसूर नाही पाहिलं. आधी हे करू म्हटलं. हिच्या पाठीवर धाकटी आहे. हिचं अडलं की तिचंही अडतं. तुम्हाला काय, तुम्ही उद्या दुसरीला नेसवाल."

शेवटचं वाक्य अक्कांना लागलं. त्यांचा चेहरा उतरला.

मूर्तीसर म्हणाले, "अक्का, त्यांना हवं तसं करा." अक्का तिथेच उभ्या राहिल्या. त्या शुभदाकडे बघत होत्या. शुभदा म्हणाली, "करा अक्का."

मग पाऊण तास लागला. मी पदर धरून उभी होते. मी त्यांचं एवढं बारीक काम कधी पाहिलं नव्हतं. बोटांच्या पेरांपर्यंत, नखांच्या कडांपर्यंत त्यांनी रंग मिळवला. ओठाचा डाग गेला, गळा गेला, हात गेले. मूर्तीसरांनी सहा फोटो काढले. जाताना आईने अक्कांना हात जोडले. अक्का वळल्या आणि मागच्या नळावर हात धूत बसल्या. मी दोनदा डोकावून आले, तरी त्या हातच धूत होत्या.

आठवडाभराने फोटो छापून आले. ती मंडळी तोवर जळगावला परतली होती, पाकीट पोस्टाने पाठवायचं होतं. तिचा पहिला फोटोही सोबत छापून आला होता, त्यामुळे एकूण सात फोटो होते. मूर्तीसर म्हणाले, "सहाच घाला. त्या आईचा फोन येऊन गेलाय." दुपारी अक्का माझ्या टेबलाशी आल्या. त्यांनी सातवा फोटो उचलून पाहिला. हिरवी साडी, उघडे हात, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर असं काहीतरी, जे बाकीच्या सहांमध्ये नव्हतं.

"हा पण घाल," अक्का म्हणाल्या. "तिचा आहे तो."

मी हो म्हटलं. आणि घातला नाही. मला त्या आईचा हळू आवाज आठवत होता, मूर्तीसरांनी सांगितलेलं आठवत होतं, आणि नोकरी घालवून पुन्हा दिवसभर घरात एकटी बसायची माझी तयारी नव्हती. मी सातवा फोटो ड्रॉवरमध्ये खाली सरकवला आणि पाकीट चिकटवलं. दोन दिवसांनी ड्रॉवर उघडला तर फोटो नव्हता. मूर्तीसरांनी नेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पंधरा दिवसांनी जळगावहून मूर्तीसरांना पत्र आलं. इंग्रजीत, बहुतेक शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. मुलीच्या नावाने वेगळं पाकीट आलं, त्यात 'तो' फोटो होता, पाहुणे आलेले असताना मुलीने तो स्वतः काढून त्यांच्यासमोर ठेवला, आणि झाल्या प्रकाराला तुमचा स्टुडिओ जबाबदार आहे. पोलिसांत जाण्याचीही धमकी होती.

"तुम्ही पाठवलं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग कुणी?"

माझी नजर ड्रेसिंग रूमच्या दाराकडे गेली. एवढं पुरे होतं. आजही ती नजर मला मागे घ्यावीशी वाटते.

अक्का दारातच उभ्या होत्या. "मी टाकला," त्या म्हणाल्या. "तिचाच फोटो तिला पाठवला. दुसऱ्या कुणाला नाही."

मूर्तीसर वाईट माणूस नव्हते. पण घाबरलेला माणूस पटकन निर्णय घेतो. अक्कांनी टाचण्यांची डबी उचलली, चप्पल घातली, आणि माझ्या टेबलासमोरून जाताना एकदा थांबल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी बाकावर पडलेली कुणाची तरी ओढणी घडी करून ठेवली आणि गेल्या. त्यानंतर मूर्तीसरांनी दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीला निऱ्या जमायच्या नाहीत, दुसरी गिऱ्हाइकांच्या आयांशी गप्पा मारत बसायची.

दिवाळीच्या आसपास स्टुडिओच्या पत्त्यावर एक पत्र आलं. वर मराठीत लिहिलेलं: 'येसूअक्का, ड्रेसिंग रूम'. मी ते मूर्तीसरांना दाखवलं नाही. अक्का राहायच्या त्या गल्लीत चौकशी केली. शेजारीण म्हणाली, त्या बेंगळूरबाहेर होसकोटेला भाच्याकडे गेल्या, तिथे कपड्यांच्या कारखान्यात लागल्या आहेत. रविवारी मी जाऊ शकले असते, पण रविवारी कारखाना बंद. म्हणून एका बुधवारी तब्येतीचं कारण सांगून सुट्टी घेतली आणि बस पकडली.

कारखान्याच्या फाटकाबाहेर एक चिंचेचं झाड होतं. जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर येऊन त्याखाली बसायच्या. सगळ्यांच्या अंगावर निळे कोट, डोक्याला निळे रुमाल. मी अक्कांना ओळखलं नाही, त्यांनीच मला ओळखलं.

"पुण्याची," त्या म्हणाल्या. "काय गे, इकडे कुठं?"

मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "वाच तूच. मला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. शाळा कन्नडातली, ती पण चौथीपर्यंत." मग मी न विचारताच म्हणाल्या, "त्या दिवशी पत्ता तुझ्या वहीतून बघून काढला. इंग्रजी अक्षरं. रांगोळी काढतात तशी एक एक काढली. तिच्याच हातात पोहोचला की नाही ते कळलंच नव्हतं नीट."

मी वाचायला लागले. पत्र लहान होतं.

'अक्का, फोटो मिळाला. त्या दिवशी पाहुणे आले होते. मी आईने ठेवलेले फोटो दाखवले आणि हाही दाखवला. ते चहा न घेता गेले. पुढचे पाहुणे चहा घेऊन गेले, पण परत काही कळवलं नाही. आई दोन दिवस जेवली नव्हती. ती अजून तुमच्यावर रागावलेली आहे. मी पण एक दिवस रागावले होते. मी नोकरीसाठी अर्ज केले आहेत, एका शाळेत बोलावलं आहे. धाकटीचं जमलं. त्या लोकांनी मला पाहिलं, काही विचारलं नाही. तुमच्या कामावर काही बोलणं आलं का? आईने पत्र लिहिलं होतं, ते मला नंतर कळलं. आता मी बाह्या आखूड शिवून घेतल्या आहेत. आमच्याकडे ऊन फार असतं.'

अक्का खाली बघत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ते परत वाच. रागावली होती ते."

मी परत वाचलं. "एक दिवस," त्या पुटपुटल्या. "एक दिवस म्हणजे बरंच. आई मात्र... तिला काय तोंड दाखवू मी? ती पण लेकीचंच बघत होती." मग, "बरं केलं की वाईट केलं गे मी?"

उत्तराऐवजी इतके महिने मनात ठेवलेलं बाहेर आलं. "अक्का, तो फोटो मी पाकिटात घातलाच नव्हता. आणि मूर्तीसरांनी विचारलं तेव्हा मी..."

"गोत्तु," त्या म्हणाल्या. ठाऊक आहे. "ड्रॉवर मीच उघडला ना."

असू दे म्हणाल्या नाहीत, चुकलीस असंही म्हणाल्या नाहीत. आपल्या डब्यातलं अर्धं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, त्यांनी झाकणात काढलं आणि झाकण माझ्यासमोर ठेवलं. आम्ही दोघी जेवलो.

भोंगा झाला. बायका उठल्या. अक्कांनी हात पुढे केला, "पत्र दे."

"पण अक्का, तुम्हाला वाचता..."

"वाचायला नको. तिनं लिवलंय ना मला."

फाटकात रांग लागली होती. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातातली वस्तू शिपाई उघडून बघत होता. अक्कांची पाळी आली. त्याने हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं आणि हात पुढे केला. अक्कांनी त्याच्या हातात डबा ठेवला. कागद मुठीत मिटला, मूठ निळ्या कोटाच्या आत घातली आणि त्याने डबा उघडून बघेपर्यंत त्या त्याच्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. शेवटी त्याने डबा परत दिला. अक्का आत गेल्या.